संस्थेच्या टेलिफोनची बारनिशी

कोणत्याहि व्यवस्थित कचेरींत आलेला कागद प्रथम बारनिशींत चढतो. त्यास आवक नंबर पडतो, तारीख पडते, आणि तो कोणत्या टेबलाकडे गेला हें समोरच्या रकान्यांत लिहिलें जातें. अर्जदार चार महिन्यांनीं येऊन विचारूं लागला, तर आवक नंबर पाहून त्याच्या अर्जाचें काय झालें हें सांगतां येतें. निदान अर्ज आला होता किंवा नव्हता, एवढा वाद तरी मिटतो. परंतु आजकाल आमच्या संस्थांचा पुष्कळसा व्यवहार कागदानें होत नाहीं, टेलिफोनानें होतो. बियाणें आलें कीं नाहीं, खताची गाडी केव्हां येणार, ऊसतोडीची पाळी कधीं, आज मालाला भाव काय निघाला, हें सर्व सभासद घरून किंवा बांधावरून टेलिफोन करून विचारतो. या व्यवहाराची बारनिशी मात्र बहुतेक ठिकाणीं ठेविलेली आढळत नाहीं.

याचा परिणाम वार्षिक सभेंत दिसतो. सभासद उठून म्हणतो, "पेरणीच्या आठवड्यांत मीं रोज टेलिफोन केला, कोणीं उचलला नाहीं." चिटणीस म्हणतात, "आमचा माणूस दिवसभर टेलिफोनापाशीं बसून होता." दोघेहि प्रामाणिक असूं शकतात. पुरावा कोणापाशींच नसतो, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें ठरतें. आणि बियाण्याची खबर वेळेवर न मिळाल्यामुळें ज्याचा वाफसा हुकला, त्याचें नुकसान तेवढें खरें असून कोणाच्याच दप्तरांत चढत नाहीं.

वास्तविक ही बारनिशी लिहिणारा कारकून पुष्कळ कचेऱ्यांत आधींपासूनच हजर असतो. ज्या संस्थेंत बाहेरच्या दोन-चार लाइनी व दहा-वीस टेबलांवर टेलिफोन आहेत, तेथें भिंतीवर एक पेटी टांगलेली असते. कोणी तिला इंटरकॉम म्हणतात, कोणी ईपीएबीएक्स म्हणतात. आपण येथें एक्सचेंज म्हणूं. बाहेरून आलेली घंटा कोणत्या टेबलावर वाजवावी, आंतील माणसास बाहेरची मोकळी लाइन कोणती द्यावी, हें काम ती पेटी करते. आणि प्रत्येक टेलिफोन संपतांच त्याची एक ओळ तयार करते. त्या ओळींत तारीख व वेळ, आंतील टेलिफोनचा नंबर, बाहेरची लाइन, पलीकडच्या माणसाचा नंबर, घंटा किती वेळ वाजली आणि बोलणें किती वेळ चाललें, इतका मजकूर असतो. ही ओळ एक्सचेंज आपल्या एका ठराविक सॉकेटांतून बाहेर पाठवितें. तेथें कोणी ऐकणारा असेल तर तो ती टिपून घेतो. नसेल तर ओळ निघून जाते व सहसा पुन्हां मिळत नाहीं. यंत्रांच्या पुस्तिकांत या सोयीस एसएमडीआर किंवा सीडीआर असें नांव असतें. विकणारा हीं अक्षरें क्वचितच उच्चारतो. तेव्हां विकत घेणारानेंच तीं विचारून घ्यावीं.

एक गोष्ट येथेंच स्पष्ट करतों. ही नोंद म्हणजे बोलणें टिपून ठेवणें नव्हे. कोण काय बोललें यांतला एक शब्दहि या ओळींत येत नाहीं. पाकिटावरील टपालाचा शिक्का पाहणें आणि पाकीट फोडून पत्र वाचणें यांत जो भेद, तोच येथें आहे. आवाज टिपण्याची व्यवस्था निराळी, तिच्या जबाबदाऱ्याहि निराळ्या. तिचा विचार या लेखांत केलेला नाहीं.

ही सोय मुळांत आमच्या सभासदांच्या तक्रारींसाठीं झालीच नाहीं. दूरचा टेलिफोन महाग होता, त्या काळांतली ती आहे. ऑपरेटरच्या मदतीशिवाय परगांवचा नंबर थेट फिरविण्याची सोय आपल्या देशांत प्रथम १९६० सालीं कानपूर व लखनौ या दोन शहरांच्या दरम्यान झाली. पुढें ती सर्वत्र पसरली, तेव्हां कोणत्या टेबलावरून कोण किती मिनिटें परगांवीं बोललें आणि त्याचें बिल कोणाच्या नांवें टाकावें, हा प्रश्न कचेऱ्यांपुढें व हॉटेलांपुढें उभा राहिला. म्हणून एक्सचेंजला छापणारें यंत्र जोडीत, व त्यावर टेलिफोनांची यादी उतरे. त्या छपाईची खूण अजून शिल्लक आहे. कित्येक एक्सचेंजें आजहि ठराविक ओळी झाल्या कीं रकान्यांचीं नांवें पुन्हां एकदां पाठवितात. जणूं नवा कागद सुरू झाला!

आतां बाहेर बोलण्याचा खर्च पूर्वींच्या मानानें नांवापुरता उरला आहे. संस्थेनें पाहावयाचें तें बाहेर गेलेलें नव्हे, तर आंत आलेलें, आणि त्यांतहि न उचललेलें. परंतु सोयीची घडण जुन्या हेतूची असल्यामुळें, येणाऱ्या टेलिफोनांची नोंद पाठवावी किंवा न पाठवावी ही पुष्कळ यंत्रांत स्वतंत्र निवड असते. ती "नाहीं" वर राहून गेली, तर बारनिशींत जावक तेवढी चढते व आवक कोरी राहते. म्हणून जोडणी करणारा कारागीर आला कीं पहिली मागणी हीच करावी: येणारे टेलिफोन, आणि येणाऱ्यांपैकीं न उचललेलेहि, नोंदींत आले पाहिजेत. बाहेरच्याचा नंबर दिसण्यासाठीं लाइनीवर कॉलर आयडीची सोय चालू असावी लागते, व साध्या तांब्याच्या लाइनी असल्यास एक्सचेंजमध्यें ती ओळखणारें कार्डहि असावें लागतें. तें नसेल तर घंटा नोंदली जाईल, पण कोणाची हें कळणार नाहीं.

प्रत्यक्ष जोडणी दोन प्रकारची आहे. जुन्या एक्सचेंजवर बहुधा नऊ पिनांचें एक सॉकेट असतें. त्यास सीरियल पोर्ट किंवा आरएस-२३२ म्हणतात. हें प्रमाण १९६० च्याच सुमाराचें असून अजून उपयोगांत आहे. नऊ पिनांपैकीं आपल्या मुख्य कामाच्या तीन. संगणकाच्या बाजूस दोन नंबरची ऐकण्याची, तीन नंबरची बोलण्याची, व पांच नंबरची दोघांची समाईक. एक्सचेंजचें तोंड संगणकाच्या कानाशीं आलें पाहिजे. दोन्ही बाजूंस एकाच रचनेचीं सॉकेटें असलीं आणि केबल सरळ असली, तर तोंडास तोंड व कानास कान लागतो, आणि पडद्यावर एक अक्षरहि उमटत नाहीं. अशा ठिकाणीं आंतील तारा उलटसुलट केलेली केबल लागते. बाजारांत तिला नल मोडेम केबल म्हणतात. केबल १५ मीटरांच्या आंत ठेवावी. अंतर अधिक असेल तर मध्यें सीरियलचें नेटवर्कमध्यें रूपांतर करणारी डबी बसवितात.

दोघांची बोलण्याची गतीहि एक असावी लागते. पुष्कळ यंत्रें सेकंदास ९६०० बिट, ८ डेटा बिट, पॅरिटी नाहीं व १ स्टॉप बिट, अशा ठरावानें बोलतात. तथापि तें गृहीत न धरतां पुस्तिकेंत पाहावें. गती चुकली तर अक्षरें येतात, पण तीं मोडी वाचणारासहि लागणार नाहींत! कांहींच न येणें हा बहुधा तारेचा दोष, आणि वेडेंवांकडें येणें हा बहुधा गतीचा दोष, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे कारागिराची एखादी फेरी वाचते.

हल्लींच्या संगणकांस हें नऊ पिनांचें सॉकेट सहसा नसतें. त्यासाठीं यूएसबीची रूपांतर-केबल मिळते. तिची एक खोड आहे. ती संगणकाच्या एका भोंकांतून काढून दुसऱ्यांत घातली, तर संगणक तिला नवा पोर्ट-नंबर देऊं शकतो, आणि सॉफ्टवेअर जुन्या नंबरापाशींच कान लावून बसतें. झाडलोट करतांना निघालेली केबल कोणी सद्हेतूनें शेजारच्या भोंकांत खोंचतो. पडद्यावर सर्व ठीक दिसतें. आणि नोंद त्या घटकेपासून बंद. त्या भोंकावर व केबलीवर एकाच रंगाची चिठ्ठी चिकटविणें हा साधा उपाय पुरतो.

नव्या एक्सचेंजांत ही तार नसून नेटवर्कची केबल असते. संगणक एक्सचेंजच्या पत्त्यावर जाऊन ओळी मागतो, किंवा एक्सचेंज आपण होऊन संगणकाच्या पत्त्यावर त्या धाडतें. येथें दोघांचे पत्ते कायमचे ठरवून टाकावेत, नाहीं तर वीज जाऊन आली कीं पत्ता बदलण्याचा संभव असतो. पुस्तिकेंत छापलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. तो जगजाहीर असतो. कांहीं संस्थांत पेटीच नसून अ‍ॅस्टेरिस्कसारखें सॉफ्टवेअरच संगणकावर एक्सचेंजचें काम करतें. १९९९ सालीं निघालेलें हें सॉफ्टवेअर फुकट मिळतें, व तें आपली नोंद आपणच फाइलींत किंवा डेटाबेसांत लिहितें. तेथें जोडणीचा प्रश्न फारसा उरत नाहीं, वाचण्याचा उरतो.

नोंदीचें सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वीं एक्सचेंजची कच्ची ओळ आपल्या डोळ्यांनीं पाहावी, असा माझा आग्रह आहे. पुट्टी नांवाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो सीरियलवरूनहि ऐकतो व नेटवर्कवरूनहि ऐकतो, आणि ऐकलेलें फाइलींत उतरवून ठेवतो. ही कच्ची फाइल म्हणजे आपली रोजकीर्द. विकतचें सॉफ्टवेअर तिच्यावरून खतावणी करून देतें: टेबलवार, तासवार, नंबरवार. लहान संस्थेनें प्रथम कांहीं महिने रोजकीर्दीवरच भागवावें व ती एक्सेलमध्यें उघडून पाहावी. आपणांस काय विचारावयाचें आहे हें कळल्याशिवाय खतावणीचे पैसे मोजूं नयेत.

समजा, ओळ अशी आली:

०६/०७, १०:४२, २०३, लाइन ०२, आवक, (नंबर), घंटा ०:४८, बोलणें ००:००:००

बाहेरून दोन नंबरच्या लाइनीवर घंटा आली, २०३ या टेबलावर ती ४८ सेकंद वाजली, आणि बोलणें शून्य. म्हणजे कोणीं उचलली नाहीं. परंतु दिवस कोणता? आपल्या रीतीनें ६ जुलै. अमेरिकी रीतीनें मांडणी ठेविलेल्या यंत्रांत महिना आधीं येतो, म्हणजे ७ जून. खरिपाच्या दिवसांत या दोहोंत पेरणी होऊन कोळपणी येते! तारखेची रीत सॉफ्टवेअरला स्पष्ट सांगितली नाहीं, तर बारा तारखेपर्यंतच्या नोंदी तें भलत्याच महिन्यांत निमूटपणें चढवूं शकतें; तेरा तारखेपासून मात्र तेरावा महिना नसल्यामुळें अडखळतें, व तेव्हां कोठें घोटाळा उघडकीस येतो. एक्सचेंजचें घड्याळहि स्वतःचें असतें. वीज जाऊन आल्यावर तें मागें पडलें नाहीं ना, हें पाहण्याचा वार ठरवावा.

आतां या विषयाचें मर्म सांगतों. पुष्कळ संस्थांनीं हौसेनें एक ध्वनिमुद्रित बाई बसविली आहे. ती "खतासाठीं एक दाबा, बियाण्यासाठीं दोन दाबा" असें सांगते. सभासदाचा टेलिफोन आला कीं प्रथम ती उचलते. यंत्राच्या दृष्टीनें टेलिफोन उचलला गेला. नंतर सभासदानें दोन दाबलें, टेबलावर घंटा वाजत राहिली, कंटाळून त्यानें ठेवून दिला. तरी ढोबळ तक्त्यांत "उत्तर दिलें" असेंच छापून येऊं शकतें. संचालक मंडळापुढें महिन्याचा तक्ता येतो, त्यांत शेंकडा जवळजवळ शंभर उत्तरें दिसतात, सर्वांस समाधान वाटतें. आणि बाहेर सभासद शिव्या देत असतो. असा तक्ता नसलेलाच बरा, कारण तो खऱ्या तक्रारीस खोटें पाडण्याचें साधन होतो. म्हणून विक्रेत्यास नेमकें विचारावें: जिवंत माणसानें उचललेले किती, आणि यंत्रानें उचलून माणसापर्यंत न पोंचलेले किती, हे दोन आंकडे तुमचें सॉफ्टवेअर निराळे काढून देतें काय? देत नसेल तर तें आमच्या कामाचें नाहीं.

आणखी दोन गोष्टी वाचतांना फसवितात. एका टेबलानें टेलिफोन दुसऱ्याकडे दिला, तर एकाच सभासदाच्या दोन ओळी पडूं शकतात. ओळी मोजल्या तर टेलिफोन दुप्पट दिसतात. दुसरें, साध्या तांब्याच्या लाइनीवरून बाहेर केलेल्या टेलिफोनांत पलीकडच्यानें केव्हां उचलला हें एक्सचेंजला बहुधा कळत नाहीं. नंबर फिरविल्यावर कांहीं सेकंदांनीं तें आपलें मोजणें सुरू करतें. म्हणून "आम्ही सभासदास कळविण्यासाठीं चाळीस सेकंद बोललों" असें कारकून तक्ता दाखवून म्हणाला, तरी तीं चाळीस सेकंदें नुसतीच घंटा वाजली असणें शक्य आहे. आंत येणाऱ्यांच्या बाबतींत मात्र केव्हां उचलला हें एक्सचेंजला स्वतःस ठाऊक असतें. तेथला आंकडा भरंवशाचा.

आणि सभासदांच्या बाजूनें सर्वांत महत्त्वाचें तें हें: बारनिशींत नांव नाहीं म्हणून टेलिफोन केलाच नव्हता, असें म्हणतां येत नाहीं. संस्थेच्या तीन लाइनी असल्या व तिन्हीवर बोलणें चालू असलें, तर चौथ्या माणसास "लाइन व्यस्त आहे" हा आवाज टेलिफोन कंपनीकडूनच ऐकूं येतो. त्याची घंटा आपल्या पेटीपर्यंत येतच नाहीं, मग ओळ कोठून पडणार? अशा वेळीं सभासदाच्या मोबाइलमधील यादी हीच खरी नोंद होय. पण संस्थेस आपल्या बाजूनें एक अनुमान करतां येतें. तिन्ही लाइनी एकाच वेळीं भरलेल्या अशीं मिनिटें रोज किती पडतात, हें रोजकीर्दीवरून काढतां येतें. समजा, पेरणीच्या दिवसांत सकाळीं नऊ ते अकरा त्या जवळजवळ सतत भरलेल्याच असल्या, तर दारांतून परत गेलेले कोणी असणारच. त्यावर कारकुनास दोष देऊन उपयोग नाहीं. एक लाइन वाढवावी, किंवा बियाण्याची खबर सकाळीं आठलाच सर्वांस मेसेजानें पाठवावी. तसेंच दुपारीं एक ते दोन न उचललेल्या घंटा वाढत असतील, तर सर्वांनीं एकाच वेळीं डबा सोडण्याची वहिवाट मोडावी.

टेबलांच्या नांवांविषयीं थोडें. नोंदींत २०३ एवढेंच असतें. २०३ म्हणजे कोण, ही यादी आपण सॉफ्टवेअरला द्यावयाची असते. कारकुनांच्या बदल्या होतात, टेबलें हलतात. तेव्हां जुनें नांव खोडून त्याच जागीं नवें घातलें, तर मागच्या वर्षाच्या न उचललेल्या घंटा आज आलेल्या माणसाच्या माथीं बसतात. तलाठी गांव नमुना ६ मध्यें फेरफार नोंदवितो व मग सात-बारा बदलतो, त्याप्रमाणें प्रत्येक बदल तारखेसह लिहावा: अमुक तारखेपर्यंत अमुक, पुढें अमुक. ज्यांनीं महसुली दप्तर पाहिलें आहे त्यांस यांत नवें कांहीं नाहीं.

हें दप्तर जपावें कसें? सभासदाचा नंबर व त्यानें केव्हां टेलिफोन केला ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे. अशा माहितीच्या रक्षणासाठीं केंद्राचा २०२३ चा स्वतंत्र कायदा झालेला आहे. यादी भिंतीवर लावूं नये, खतविक्रेत्याच्या माणसास देऊं नये, व किती महिने ठेवावयाची हें मंडळानें ठरावानें ठरवावें. प्रकरण कोर्टापर्यंत गेलें, तर संगणकांतील नोंद पुरावा म्हणून दाखल करण्यासाठीं भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ प्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणून कच्ची फाइल हात न लावतां निराळी ठेवावी, आणि कामकाजासाठीं तिची नक्कल वापरावी. एक्सेलमध्यें उघडून "जरा नीट" केलेली फाइल ही रोजकीर्द राहत नाहीं.

शेवटीं विजेचें व निरंकाचें. ऐकणारा संगणक झोंपला कीं नोंद गेली. कारकून घरीं जातांना लॅपटॉप मिटतो, तेव्हां संध्याकाळचे सर्व टेलिफोन बुडतात. कांहीं एक्सचेंजें थोड्या ओळी स्वतःपाशीं साठवून ठेवतात, पण ती कोठी भरली कीं जुन्या किंवा नव्या ओळी गळूं लागतात. कोठी किती मोठी तें पुस्तिकेंत पाहावें. या कामास तळहाताएवढा लहान संगणक निराळा ठेवावा, त्याची झोंपण्याची सवय बंद करावी, आणि एक्सचेंज व तो, दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्यावेत. एकास वीज आहे व दुसऱ्यास नाहीं, अशी व्यवस्था निरुपयोगी.

एवढें करूनहि एखादे दिवशीं फाइल कोरी निघते. त्या दिवशीं टेलिफोन आले नाहींत, कीं केबल निघाली होती? कोऱ्या पानावरून तें सांगतां येत नाहीं. महसूल खात्यांत कांहीं घडलें नसलें तरी "निरंक" असा अहवाल पाठवावा लागे, तो याचसाठीं. न आलेला अहवाल आणि निरंक अहवाल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. येथें तेंच करावें. रोज कचेरी उघडतांच शिपायानें आपल्या मोबाइलवरून संस्थेस दोन टेलिफोन लावावेत: एक उचलावा, एक मुद्दाम वाजूं द्यावा. मग फाइलींत दोन्ही ओळी पडल्या कीं नाहीं तें पाहून कारकुनानें वहींत सही करावी. उचललेल्याची ओळ आली व वाजूं दिलेल्याची आली नाहीं, तर कोणी येणाऱ्या टेलिफोनांची निवड बदलली आहे असें समजून कारागिरास बोलवावें. दोन्ही आल्या नाहींत, तर प्रथम संगणक जागा आहे काय तें पाहावें आणि मग त्या रंगीत चिठ्ठीच्या भोंकांत केबल आहे काय तें पाहावें.